सुट्टीतलं काम : तास किती, दाम किती?

आम्ही टेमघरच्या बचत गटातल्या बायका.

गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकीच्या सतरा वर्षांच्या लेकीला एका संशोधनाच्या पाहणीत काम मिळालं. घरोघरी जाऊन फॉर्म भरायचे. सकाळी आठला निघायची, रात्री आठला यायची. महिन्याअखेर हातात ठरल्याच्या निम्मे पैसे! वर ऐकवलं, "विद्यार्थीच ना, अनुभव तर मिळाला." आम्ही भांडायला गेलो, पण लेखी काहीच नव्हतं.

मग आम्ही कायदा समजून घेतला. बालकामगारांचा 1986 चा कायदा 2016 मध्ये सुधारला. त्यानुसार 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर घेता येत नाही. इतर ठिकाणी सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती, आणि विश्रांती धरून दिवसाचे सहाच तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. जादा काम तर नाहीच.

अठरा पूर्ण झालेल्या कामगाराला जादा तासांचे दुप्पट दराने पैसे. महिन्याचा पगार पुढच्या 7 तारखेपर्यंत. मात्र अभ्यासक्रमातली इंटर्नशिप बिनपगारीही असू शकते, म्हणून आधीच विचारा.

लेक कामाला निघाली की डब्यासोबत एक वही द्या. काम काय, तास किती, पैसे किती, कधी मिळणार, हे देणाऱ्याकडून लिहून घ्या. रोज गेल्याची-आल्याची वेळ टिपा. अठराखालच्या मुलांना त्रास झाला तर 1098 ला फोन करा.

यंदा आमच्या लेकींच्या वह्या तयार आहेत. तुमच्या?