ओवी कुणाची?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलावेत असा आपण आग्रह केलात. मी काही व्याख्याने देणारी नव्हे. तेव्हा घरातलीच एक गोष्ट सांगते.

माझे माहेर साताऱ्याजवळ माहुलीच्या बाजूचे, सासर सांगलीचे. मला सासरी पाठवताना आई म्हणाली होती, "नदी तीच आहे गं, रडू नकोस." खरेच आहे ते. माहुलीला वेण्णा आणि कराडला कोयना यांना पोटात घेत कृष्णा माझ्या माहेराहून सासरी येते. आई तर शेवटपर्यंत सांगलीला 'दक्षिण सातारा'च म्हणे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हाचे ते नाव. १९६० साली जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले, पण आईने ते मनावर घेतले नाही. लेक परजिल्ह्यात दिली, हे तिला कबूलच नव्हते!

आई दळताना ओव्या म्हणे. मी शाळा शिकलेली. तिच्या साठ-सत्तर ओव्या वहीत उतरवून घेतल्या आणि निश्चिंत झाले. आई गेली तेव्हाही वाटले, वही आहे ना! पण २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढले. आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडलो. परत येऊन पाहते तो पेटीत वहीचा नुसता लगदा. भांडी घासून निघाली, भिंती पुन्हा रंगल्या. वही मात्र गेली. आठवून पुन्हा लिहावे म्हणून कितीदा कागद घेऊन बसले, पण पहिली ओळ आठवली तर पुढची आठवेना. आईची वाणी आपल्या हातून हरवली, हे कुणाला सांगायचीही लाज वाटे.

पुढे भाच्याचे लग्न निघाले. मी सांगलीची हळकुंडे घेऊन माहेरी गेले. हळद दळण्यासाठी माळ्यावरचे जुने जाते खाली काढले, त्याची पूजा केली. खुंट्याला हात लावला, घरघर सुरू झाली, ताज्या हळदीचा वास नाकात भरला, आणि भगिनींनो, काही आठवायच्या आत आईची ओवी माझ्या तोंडून बाहेर पडली! वासाची वाट मेंदूत आठवणी आणि भावना यांच्या ठिकाणांना अगदी जवळून जोडलेली असते, असे शास्त्र सांगते. कागदासमोर जे सुचेना ते हाताला, कानाला आणि नाकाला ठाऊक होते.

समोर बसलेली भावजय म्हणाली, "वन्सं, असं नाही ते," आणि तिने ती ओवी तिच्या तऱ्हेने म्हटली. थोरल्या काकूंनी तिसऱ्याच तऱ्हेने. आईच्या ओवीत माझ्या मामाचे नाव होते. या दोघींनी ते काढून आपापल्या भावांची नावे घातलेली! मला रागच आला. तेव्हा भावजय हळूच म्हणाली, "नवी नवरी होते, माहेरच्या आठवणीनं रडत होते. सासूबाईंनीच ही ओवी शिकवली. म्हणाल्या, यात तुझ्या भावाचं नाव घाल."

माझा राग तिथेच विरला. मला वाटत होते, आईची ओवी माझ्या पेटीत आहे. ती तर आईने केव्हाच वाटून टाकली होती! त्या रात्री आम्ही तिघींनी मिळून सव्वीस ओव्या जुळवल्या. बाकीच्या आल्या नाहीत. त्या आता येतीलसे वाटत नाही.

लिहून ठेवण्याला मी नावे ठेवत नाही. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्या १९५१ साली वारल्या. मुलाने, सोपानदेवांनी, त्यांची गाणी टिपून ठेवली होती, म्हणून १९५२ साली ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नांतून तर महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. केवढे हे काम! पण त्या बायकांनी आधी एकमेकींना ऐकवल्या होत्या, म्हणून तर टिपणाऱ्याला सापडल्या.

आता घरोघर पीठ गिरणीतून येते. दळणाचे कष्ट गेले, ते बरेच झाले. ते परत यावेत असे मी म्हणणार नाही. पण जात्यापाशी दोघी समोरासमोर बसत, एकीचे दुःख दुसरीच्या कानी पडे, ती जागा आपल्याला निराळी करावी लागेल. आपले मंडळ ती जागा का होऊ नये?

म्हणून एवढीच विनंती. पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने घरच्या वडीलधाऱ्या बाईला एक ओवी नाहीतर एक गोष्ट विचारून यावे आणि ती शेजारी बसलेलीला ऐकवावी. आणि शेजारणीने तिच्यात आपल्या भावाचे नाव घातले, तर रागावू नये.