घरातला बुद्ध



जुन्नरच्या आमच्या घरात, माळ्यावरच्या पेटीत, हातभर उंचीचा एक लाकडी बुद्ध होता. मुसलमानाच्या घरी मूर्ती कशी, असे कुणी विचारले की दादी म्हणायची, ‘अमानत आहे.’ कुणाची, ते तिने कधी सांगितले नाही. आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर ब्रह्मदेशात होते आणि परतताना त्यांनी ती आणली, एवढेच आम्हाला ठाऊक.

गेल्या पावसाळ्यात घोडेगावच्या चुलतभावाच्या घराचे छप्पर बसले. तो म्हणाला, ‘भाईजान, मूर्ती विकू. लेण्यातली असेल, लाखांत जाईल.’ त्याचा हिस्सा होताच. मी मूर्ती घेऊन पुण्याच्या एका अभ्यासकांकडे गेलो.

ते हसले. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात स्तूप आहे, बुद्धमूर्ती नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते कोरले, तेव्हा या लेण्यांत बुद्धाची पूजा स्तूपाच्या रूपाने होई. मग त्यांनी मूर्ती उलटी केली. कपाळावर रुंद पट्टी, चीवराला जाड चुण्या, सोनेरी मुलाम्याखाली लाल लाखेचा थर, उजव्या हाताची बोटे जमिनीला टेकलेली. ही भूमिस्पर्श मुद्रा, आणि घडण ब्रह्मदेशातल्या मंडालेची. ती शैली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. पण तशा मूर्ती पुढेही घडत राहिल्या, बाजारासाठी मुद्दाम जुन्या केलेल्याही मिळतात. म्हणून ते बैठकीची झीज, भेगा, किडीची भोके पाहत होते. कार्बन चाचणी लाकडाचे वय सांगते, ते कोरले कधी हे सांगत नाही. आणि शंभर वर्षांहून जुनी ठरली तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर विकायला नेता येत नाही. अशा वस्तूंचा व्यापार करायलाही परवाना लागतो.

‘पॉलिश करू नका,’ त्यांनी बजावले. ‘मुलामा गेला की निम्मी किंमत गेली.’ शेवटी त्यांनी विचारले, ‘कुणी दिली? कधी? चिठ्ठी, फोटो, काही?’ आमच्याकडे दादीचा एक शब्द होता.

उर्दूत मूर्तीला ‘बुत’ म्हणतात. हा शब्द फारसीतून आला, आणि मुळात तो ‘बुद्ध’च, असे भाषेचे जाणकार सांगतात. पन्नाशी उलटेपर्यंत मी तो शेरांत वापरला; पेटीतल्या मूर्तीशी त्याचे नाते कधी जोडले नव्हते.

भावाला सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘अमानत म्हणजे आपली नव्हेच की.’ छपराचे पैसे आम्ही दोघांनी मिळून उभे केले. माझे हप्ते अजून चालू आहेत.

मूर्तीसोबत आता पेटीत एक वही आहे. आजोबांचे नाव, पलटणीबद्दल ऐकलेले, दादीचा शब्द, अभ्यासकांनी सांगितलेल्या खुणा, सारे त्यात लिहिले आहे. आपल्या घरातही अशी एखादी वस्तू असेल. ती कुठून आली हे सांगणारे माणूस अजून हयात असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. आम्हाला उशीर झाला.