सूक्ष्मदर्शक बिघडला की प्रकाश चुकला?

अनेक शाळांच्या आणि आरोग्य केंद्रांच्या कपाटांत एखादा तरी सूक्ष्मदर्शक असा सापडतो, की ज्याच्यापुढे जडसंग्रह नोंदवहीत ‘नादुरुस्त’ असा शेरा पडलेला असतो. पुढे त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो आणि नव्या यंत्राची मागणी वर जाते. मात्र जाणत्या माणसाने तो उघडून पाहिला, तर बहुधा भिंगे शाबूत असतात. दिवा, कंडेन्सर आणि वस्तुभिंग ही एका सरळ रेषेत असावी लागतात. ती रेषा तेवढी ढळलेली असते. हा दोष दहा मिनिटांत दूर करता येतो.

या दोषाची किंमत शाळेत व आरोग्य केंद्रात सारखी नसते. शाळेत कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पुसट दिसल्या, तर विद्यार्थ्याचे कुतूहल मावळते. आरोग्य केंद्रात हिवतापाचा परजीवी किंवा क्षयाचा जंतू नजरेतून निसटला, तर रोगी ‘दोष नाही’ असा अहवाल घेऊन घरी परततो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखविला. त्याची जाडी अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहून कमी असते. शंभरपट तैलभिंग उत्तम स्थितीत सुमारे पाव मायक्रॉनपर्यंतचे बारकावे वेगळे दाखविते. प्रकाशाची मांडणी चुकली की ही क्षमता घटते. क्षयाच्या निदानासाठी आता रेणवीय चाचण्याही उपलब्ध आहेत. तथापि रक्त, थुंकी व लघवी यांच्या नित्य तपासणीत सूक्ष्मदर्शकाचे स्थान कायम आहे.

दोष शोधताना क्रम सोडू नये. प्रथम दहापट वस्तुभिंग ‘टक्’ असा आवाज होऊन जागेवर बसले आहे की नाही, ते पाहावे. दृश्यक्षेत्राचा अर्धा भाग चंद्रकोरीसारखा काळा दिसत असेल, तर बहुधा वस्तुभिंगांची फिरती चकती अर्धवट थांबलेली असते. ती नीट बसूनही कडेचा अंधार राहिला, तर आरसा, दिवा किंवा कंडेन्सर सरकला आहे असे समजावे. आरशाच्या यंत्रात कंडेन्सर असेल, तर आरशाची सपाट बाजू वापरावी. अंतर्वक्र बाजू कंडेन्सर नसलेल्या यंत्रासाठी असते. सूर्याचा थेट प्रकाश कधीही घेऊ नये. त्याने डोळ्यास कायमची इजा होऊ शकते.

दुसरी पायरी कंडेन्सर मध्यावर आणण्याची. जर्मनीतील ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ मध्ये प्रकाशयोजनेची जी पद्धत मांडली, तीच आजही आधारभूत आहे. काचपट्टीवरील नमुना दहापट भिंगाने स्पष्ट करून घ्यावा. मग दिव्यावरील पडदा लहान करावा आणि त्याची कड रेखीव दिसेपर्यंत कंडेन्सर वर-खाली करावा. प्रकाशाचे वर्तुळ एका बाजूस असेल, तर कंडेन्सरच्या दोन स्क्रूंनी ते मध्यावर आणावे आणि पडदा दृश्यक्षेत्राच्या किंचित बाहेर जाईल इतका उघडावा. साध्या यंत्रात असा पडदा नसतो. तेथे मध्ये बारीक भोक पाडलेला काळा कागद दिव्याच्या काचेवर ठेवावा, काम भागते.

त्यानंतर नेत्रभिंग काढून नळीतून खाली पाहावे. तळाशी दिसणारी प्रकाशाची चकती मध्यावर आणि सर्वत्र सारखी उजळलेली असावी. कंडेन्सरची झडप त्या चकतीचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग मोकळा राहील इतकी उघडावी. उजेड डोळ्यांना फार वाटला म्हणून कंडेन्सर खाली ओढण्याची सवय सार्वत्रिक आहे, आणि तीच घातक आहे. उजेड दिव्याच्या बटणाने कमी करावा. तैलभिंग वापरताना तर कंडेन्सर वरच असावा.

काही खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. बारीक स्क्रू फिरविताना प्रतिमा एका बाजूस सरकत असेल, तर प्रकाश तिरपा येत आहे. काळा ठिपका नेत्रभिंगाबरोबर फिरला, तर धूळ नेत्रभिंगावर आहे. काचपट्टीबरोबर सरकला, तर ती नमुन्यावर आहे. चाळीसपट भिंगाची प्रतिमा धूसर असेल, तर त्यावर तेल लागले आहे काय आणि काचपट्टी उलटी तर ठेवलेली नाही ना, हे आधी पाहावे. नवा दिवा बसविल्यानंतर उजेड असमान झाला, तर दिवा खोबणीत सरळ बसलेला नसतो. दोन नेत्रभिंगांच्या यंत्रात प्रतिमा दुहेरी दिसू लागली आणि नेत्रभिंगांमधील अंतर जुळवूनही ती एक होईना, तर धक्क्याने आतील लोलक हलला असावा. हे मात्र घरगुती काम नव्हे; यंत्र तज्ज्ञाकडेच पाठवावे.

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, पावसाळ्यातील दमटपणा हा आणखी एक शत्रू. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती वाढली की कितीही जुळवाजुळव केली तरी प्रतिमा स्वच्छ होत नाही. बंद पेटीऐवजी कमी शक्तीचा दिवा सतत तेवत असलेल्या कपाटात यंत्र ठेवावे, अथवा सिलिका जेलची पुडी ठेवून तिचा रंग बदलताच ती तापवून कोरडी करावी. काम संपताच तेल भिंगकागदाने टिपून घ्यावे. रुमालाने घासू नये.

मुख्याध्यापक, वैद्यकीय अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्या हाती येथे एक सोपा उपाय आहे. निर्लेखनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी वरील क्रमाने तपासणी झाली काय, एवढे विचारावे. प्रत्येक यंत्राजवळ हा क्रम लिहिलेला तक्ता लावावा आणि महिन्यातून एकदा ओळखीच्या काचपट्टीवर यंत्र पारखून त्याची नोंद ठेवावी. नव्या यंत्राचा खर्च त्यामुळे कित्येकदा वाचेल. त्याहून मोठा लाभ असा, की काचपट्टीवर जे खरोखर आहे तेच तपासणाऱ्याला दिसेल, आणि त्याच्या अहवालावर रोग्याला विश्वासाने विसंबता येईल.