घोड्यावरील मूल आणि घोड्याबरोबर चालणारीं माणसें

घोडा म्हटला कीं आपल्याला लढाई आठवते, लग्नाची वरात आठवते, नाहींतर माथेरानची सुटी आठवते. ज्याची मांड पक्की त्यानेंच घोड्यावर बसावें, असा आपला पूर्वापार समज आहे. तेव्हां ज्या मुलाला जमिनीवरसुद्धां नीट उभें राहतां येत नाहीं त्याला घोड्यावर बसवावें, ही कल्पना प्रथम ऐकणाराला साहसाची, किंबहुना अविचाराची वाटली तर नवल नाहीं. परंतु इंग्लंडांत आणि इतर अनेक देशांत हें काम गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ नेमानें चाललें आहे. आणि तें चालविणारे बहुतेक लोक पगारी नोकर नसून, आठवड्यांतील कांहीं तास आपखुषीनें देणारीं तुमच्या-आमच्यासारखीं संसारी माणसें आहेत. त्या कामाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या कामाला लोकांच्या दृष्टीनें प्रतिष्ठा मिळवून देण्याचा मान डेन्मार्कमधील लिस हार्टेल या बाईंकडे जातो. त्या निष्णात घोडेस्वार होत्या. १९४४ सालीं, तेवीस वर्षांच्या आणि गरोदर असतांना, त्यांना पोलिओनें गांठलें. पुढें मूल सुखरूप जन्मलें. परंतु बाईंच्या गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे राहिले. त्यांना घोड्यावर चढवावें लागे आणि उतरवावेंही लागे. तथापि घोड्यावर बसल्या म्हणजे केवळ बैठकीच्या आणि तोलाच्या बळावर त्या त्याला हवें तसें चालवूं लागल्या. १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत, घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची जी ड्रेसाज नांवाची स्पर्धा असते, तींत प्रथमच स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्याच वर्षीं लिस हार्टेल यांनीं तेथें रौप्यपदक पटकावलें, आणि १९५६ सालीं स्टॉकहोम येथें पुन्हां तेंच करून दाखविलें.

एका बाईला जें साधलें तें इतरांना थोडें तरी कां साधूं नये, असा प्रश्न मग अनेकांच्या मनांत उभा राहिला. इंग्लंडांत ठिकठिकाणीं लहान लहान मंडळें निघालीं, आणि १९६९ सालीं तीं रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन या संस्थेंत एकत्र आलीं. अमेरिकेंतही त्याच सालीं अशी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ब्रिटिश घोडेस्वार सोफी ख्रिस्तियानसेन यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळें स्नायूंवरचा ताबा सुटलेला आहे. त्या सहाव्या वर्षीं अशाच एका मंडळांत प्रथम घोड्यावर बसल्या आणि पुढें पॅरालिंपिक सामन्यांत त्यांनीं आठ सुवर्णपदकें मिळविलीं. अर्थात् पदकें हा अपवाद होय. मंडळांचा खरा दिवस निराळाच असतो, आणि आपल्याला तोच पाहावयाचा आहे.

घोडा येथें नेमकें करतो काय? घोडा सावकाश चालूं लागला म्हणजे त्याच्या पाठीची हालचाल एकाच दिशेनें होत नाहीं. बसणाराची कंबर किंचित् पुढें-मागें सरकते, डावी-उजवीकडे झुकते, आणि थोडी वळतेही. माणूस स्वतःच्या पायांनीं चालतो तेव्हां त्याच्या कंबरेला पुष्कळसे असेच हेलकावे मिळतात. घोड्याच्या मागच्या पायांचीं मिनिटाला सुमारें शंभर पावलें पडतात. म्हणजे अर्ध्या तासांत, थांबणें-वळणें धरूनही, दोन-अडीच हजार वेळां त्या मुलाच्या धडाला आपला तोल नव्यानें सांवरावा लागतो. जो व्यायाम टेबलावर निजवून करून घेतांना मूल रडतें, तोच येथें खेळाच्या मिषानें होऊन जातो. शिवाय घोड्याचें अंग माणसापेक्षां थोडें अधिक ऊबदार असतें, आणि त्या उबेनें व डोलण्यानें आंखडलेले पाय हळूहळू सैल पडूं लागतात.

तथापि येथें अतिशयोक्ति करूं नये. घोडा हा धन्वंतरी नव्हे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या बैठकींत आणि तोलांत सुधारणा झाल्याचें कांहीं अभ्यासांत दिसलें आहे. पण ते अभ्यास बहुधा लहान आहेत व त्यांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहींत. स्वमग्न मुलांविषयीं २०१५ सालीं अमेरिकेंत एक काळजीपूर्वक केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा ते सोळा वर्षांच्या १२७ मुलांपैकीं कांहींना दहा आठवडे घोड्यावर बसावयास शिकविलें, आणि कांहींना तितकाच वेळ तबेल्यांत, परंतु खऱ्या घोड्याशीं संबंध येऊं न देतां, घालवावयास दिला. पहिल्या गटांतील मुलांची चिडचिड आणि चंचलता दुसऱ्यापेक्षां अधिक कमी झाली. लाभ आहे; पण तो रोग बरा करणारा नव्हे, तर दिवस सुकर करणारा आहे. आणि कांहीं मुलांना घोड्यावर बसविणें धोक्याचेंही ठरतें. डाऊन सिंड्रोम असलेल्या कांहीं मुलांच्या मानेंतील वरचे दोन मणके सैल असतात; ज्यांची फेफरीं आटोक्यांत नाहींत, ज्यांचीं हाडें ठिसूळ आहेत, त्यांनाही जपावें लागतें. म्हणून डॉक्टरांची संमति घेतल्यावांचून कोणतेंही जबाबदार मंडळ मुलाला रिंगणांत घेत नाहीं.

आतां रिंगणांत जाऊं. मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण असतें. पाय अडकून फरफट होऊं नये म्हणून रिकिबी विशेष प्रकारच्या असतात. पुढें एक जण घोड्याच्या मस्तकाशीं दोर धरून चालतो. त्याचें सारें लक्ष घोड्याकडे. दोन्ही बाजूंना मुलाच्या गुडघ्यांशीं एकेक जण चालतो. त्यांचें सारें लक्ष मुलाकडे. गरज असेल तर ते आपला पुढचा हात मुलाच्या मांडीवरून आडवा ठेवून खोगिराची कड धरतात. मधोमध शिक्षिका उभी असते आणि हुकूम फक्त तिचाच चालतो. म्हणजे एका स्वारामागें तीन माणसें. सहा मुलें एका वेळीं बसवावयाचीं तर अठरा माणसें हवींत. पाऊस आहे, पाहुणे आले आहेत, म्हणून त्यांतलीं तीन आलीं नाहींत तर एका मुलाला कठड्याशीं उभें राहून इतरांची फेरी पाहावी लागते. आठवडाभर ज्यानें बोटांवर दिवस मोजले त्याला तें कारण समजावून सांगतां येत नाहीं. परोपकाराच्या कामांत उत्साहाचा तुटवडा क्वचित् पडतो; तुटवडा पडतो तो नेमाचा.

परंतु नेमाहूनही कठीण अशी एक गोष्ट बाजूनें चालणाराला शिकावी लागते. हात केव्हां द्यावा हें कोणालाही कळतें. तो केव्हां काढून घ्यावा हें कळावयास महिने लागतात. मूल जरा कलतांच त्याला सरळ करण्याचा मोह होतो. पण आपण सरळ केलें तर त्याचें धड तें काम शिकणार केव्हां? म्हणून चांगला सहायक तळहात अगदीं जवळ, परंतु न टेकवितां ठेवतो आणि क्षणभर थांबतो. शिक्षिकाही तशीच थांबते. ‘चल’ हा शब्द, आणि शब्द येत नसेल तर कांहीं खूण, मुलाकडून आल्यावांचून घोड्याला पाऊल टाकूं द्यावयाचें नाहीं, असा पुष्कळ ठिकाणीं प्रघात आहे. त्या शांततेंत सर्वजण वाट पाहत उभे राहतात. आणि मग मुलानें कसाबसा तो शब्द उच्चारला कीं एवढें मोठें जनावर त्याच्या आज्ञेनें चालूं लागतें. ज्याला आजवर सर्वांनीं उचललें, बसविलें, भरविलें आणि निजविलें, त्याच्या आयुष्यांत हा हुकूम लहानसहान नव्हे. शिवाय चाकांच्या खुर्चींतून ज्याला नेहमीं वर मान करून बोलावें लागतें तो येथें सर्वांपेक्षां उंच असतो, आणि मोठीं माणसें त्याच्याकडे मान वर करून पाहतात.

रिंगणाबाहेर उभ्या असलेल्या आईबापांचाही येथें विचार केला पाहिजे. अशा मुलाच्या आईला रात्रंदिवस विसांवा नसतो. त्या अर्ध्या तासांत तिचें मूल तीन विश्वासू माणसांच्या हातीं असतें. तिला चहा घेतां येतो, तिच्यासारख्याच दुसऱ्या आईशीं बोलतां येतें. आणि ती मुलाकडे दुरून पाहूं शकते. आपल्या घरांतून अशा मुलांवर माया थोडी नसते. पण त्या मायेपोटीं आपण त्याचा घांस, त्याचें बटण, त्याचें उत्तर, सारें आपल्याच हातांत ठेवतों. दुरून पाहतांना आईला प्रथमच दिसतें कीं, कोणी न धरतांही तें पंधरा पावलें ताठ बसलें.

घोडे, रिंगण आणि शिक्षक जमविणें खर्चाचें आहे; तें सर्वत्र होईल असें नाहीं. पण या मंडळांनीं जी रीत घालून दिली तिला घोडा लागत नाहीं. ठरल्या वारीं, ठरल्या वेळीं हजर राहणें. हात जवळ ठेवणें, पण गरजेवांचून न लावणें. आणि दुसऱ्याच्या तोंडून शब्द निघेपर्यंत धीर धरणें, एवढी ती रीत आहे. शेजारीं, नात्यांत, शाळेंत अशीं मुलें आपणां सर्वांच्या ओळखीचीं आहेत. पुढल्या खेपेस त्यांतील एखाद्याला कांहीं विचाराल तेव्हां त्याच्या आईकडे न पाहतां त्याच्याकडेच पाहावें, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें.