गरोदर माता आणि ड जीवनसत्त्व
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



विषय बायकांचा आहे म्हणून मागच्या रांगेतील पुरुषमंडळींनी कृपया उठून जाऊ नये. औषधाचे पैसे कोण देतो आणि सुनेने दुपारी गच्चीवर जावे की नाही हे घरात कोण ठरवते, ते आपण सारे जाणतोच.

प्रथम नाशिकची हकीकत सांगते. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी तेथील मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरिबांची मुले निकृष्ट धान्यावर वाढत होती, पण उन्हात असत; त्यांच्यात मुडदूस जवळजवळ नव्हता. तो होता खात्यापित्या घरांत, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्याही, जेथे माता आणि तान्ही मुले घरात कोंडलेली असत. पुढे काश्मीरात काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तकच लिहिले. ऊन न मिळालेल्या स्त्रीची हाडे मऊ पडतात, कटीर आखडते आणि बाळंतपण अडते, असे त्यांचे निरीक्षण.

पडदा सोडा असे सांगायला मी येथे उभी नाही. आपल्या वाशी-नेरूळला पडदा न पाळणाऱ्या भगिनीही लिफ्टने उतरून रिक्षात बसतात आणि सारा दिवस ट्यूबलाइटखाली काढतात. लखनौसारख्या उन्हाच्या शहरात गरोदर स्त्रियांची पाहणी झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत सुमारे ८४ टक्के स्त्रियांत हे जीवनसत्त्व कमी आढळले.

पोटातल्या बाळाला ड जीवनसत्त्व आईकडूनच मिळते. शेवटच्या तीन महिन्यांत त्याची हाडे झपाट्याने चुना ओढतात. आईच्या अंगात हे जीवनसत्त्व फारच कमी असेल, तर जन्मानंतर बाळाच्या रक्तातील कॅल्शियम उतरून त्याला झटके येऊ शकतात. घरचे लोक त्याला नजर लागली म्हणतात. कृपा करून तसे म्हणत बसू नका, बाळाला तत्काळ दवाखान्यात न्या.

ऊन कसे घ्यावे? बंद काचेतून आलेले ऊन कामाचे नाही. त्वचेत जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, त्या वेळचे ऊन उपयोगी. गच्चीवर बायकाच असतील तेव्हा बाह्या वर करून थोडा वेळ बसावे. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात चक्कर येईपर्यंत कोणीही बसू नये आणि पावसाळ्याचे चार महिने उन्हाचा भरवसा धरू नये.

आहारात बांगडा, तारली, अंड्याचा पिवळा बलक आणि पिशवीवर ‘+एफ’ छापलेले दूध घ्यावे. पण नुसत्या आहाराने गरज भागत नाही.

म्हणून गोळ्या. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा गोळी द्यायची. एकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व. ती जेवणानंतर घ्यावी. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर लोह अंगी लागत नाही. या गोळीने मधुमेह टळतो, रक्तदाब टळतो, असे बरेच काही ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सर्वच गरोदर स्त्रियांना सरसकट ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस केली नाही. कमतरता असल्यास दिवसाला २०० युनिट सुचवले. तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको, हाडांपुरते बोलू.

साठ हजार युनिटची पुडी शेजारणीने घेतली म्हणून आपण घेऊ नये. डॉक्टर ती बहुधा आठवड्याला एक सांगतात. कोणी चुकून रोज घेत राहिले, तर रक्तात कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा पोहोचते.

बाळ झाल्यावर आईच्या दुधात हे जीवनसत्त्व थोडेच असते, म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिले वर्षभर रोज ४०० युनिट देण्यास सांगतात. या थेंबांच्या काही बाटल्यांत एका मिलिलिटरला ४०० युनिट असतात, काहींत ८००. विद्यार्थिनींनो, घरी भाभीच्या बाळासाठी बाटली आली की लेबल तुम्ही वाचा आणि आजीला मोठ्याने सांगा.