थेंबाचा आकार आणि शेतातील माती



पाऊस किती झाला, हे आपण मिलिमीटरमध्ये मोजतो. तो किती मोठ्या थेंबांनी पडला, हे मात्र क्वचितच विचारतो. मातीच्या दृष्टीने हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. त्यांतून होणारे पावसाळी ढग बहुधा उथळ असतात. थेंबांना वाढण्यास पुरेसा अवसर मिळत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली महाबळेश्वर येथे मेघभौतिकी प्रयोगशाळा स्थापन केली. तेथील संततधारेत १ मिलिमीटरहून लहान थेंबांचेच बाहुल्य असते, असे निरीक्षणांतून दिसून आले आहे.

घाटाच्या पूर्वेस चित्र पालटते. वाईस महाबळेश्वरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी पाऊस होतो. डोंगर उतरणारी हवा तापते, कोरडी होते आणि बारीक थेंब वाटेतच विरून जातात. वळवाच्या सरी तर उंच वाढलेल्या ढगांतून येतात. वितळलेल्या हिमकणांचे टपोरे थेंब त्यांतून कोसळतात. पाऊस थोडा, पण थेंब मोठा!

१ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पडतो. ४ मिलिमीटरचा सुमारे ९ मीटर वेगाने. त्याचे वजन ६४ पट आणि आघाताची ऊर्जा सुमारे ३०० पट असते. या माऱ्याने ढेकळे फुटतात, मातीची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहू लागते. दुर्दैव असे की, वळीव येतो तेव्हाच आपली शिवारे उघडी असतात.

बांध वाहते पाणी अडवितो. थेंबाचा आघात मात्र जमिनीवरील आच्छादनच झेलू शकते. म्हणून धसकटे व पालापाचोळा जाळण्याऐवजी शेतात पसरावा, उतारावर गवत राखावे. केवळ उंच झाडे पुरेशी नाहीत. त्यांच्या पानांवर साचून ठिबकणारे थेंब मोठेच असतात.

शिक्षकांना एक विनंती. १९०४ साली विल्सन बेंटली या अमेरिकन शेतकऱ्याने पिठाच्या साहाय्याने थेंब मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. परातीत चाळलेले पीठ घेऊन ती क्षणभर पावसात धरावी. वाळलेल्या गोळ्या चाळून त्यांची प्रतवारी करावी. वळवाच्या आणि श्रावणसरींच्या गोळ्या विद्यार्थ्यांनी शेजारी ठेवून पाहाव्यात आणि ग्रामसभेतही दाखवाव्यात.

दुष्काळी तालुक्यात पाऊस कमी, म्हणून धूपही कमी, असे समजून आपण स्वस्थ राहू नये. तेथील प्रत्येक थेंब मोलाचा आहे; तो जमिनीत मुरावा, तिला खरवडून नेऊ नये, एवढी दक्षता आपणा सर्वांच्या हाती आहे.