पंधरा दिवसांचे कॉलेज

आज मी आपल्याशी मुंबईतल्या एका लहानशा वर्गाविषयी बोलणार आहे. बोलणे मुंबईचे असले, तरी ते आहे खेड्यातल्या मंडळींसाठी, आणि विशेषकरून तिथल्या गुरुजींसाठी. तुम्ही म्हणाल, मुंबईच्या वर्गाशी आमचा काय संबंध? तर लालबाग-परळची वस्ती मूळची तुमचीच आहे. कोणी मालवण-राजापूरचा, कोणी पाटण-शिराळ्याचा. गावकीच्या खोलीत वळकटी टाकून गिरणीत लागलेली ही माणसे. त्यांची मुले आणि नातवंडे माझ्यापुढे बाकावर बसत. त्या भागातल्या एका मराठी शाळेत मी तीस-बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले.

परळची एक गंमत आहे. तिथे मैला-दीड मैलाच्या आत केवढी विद्या कोंडून ठेवली आहे! के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला लागून सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, १९२६ सालचे. गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात १८९९ साली आलेली हाफकिनसाहेबांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा, म्हणजे आजची हाफकिन संस्था. १९६२ सालचे महर्षी दयानंद महाविद्यालय. पलीकडे दादरला कीर्ती, माटुंग्याला रुईया. पण लालबागच्या चाळीतल्या पोराला विचारा, यांतले काय आतून पाहिले आहेस? के. ई. एम. त्याला ठाऊक असते ते आजीचा केसपेपर काढायला रांगेत उभा राहिल्यामुळे. बाकी सगळ्या भिंतीच. रोज त्यांच्या कडेने तो शाळेत जातो आणि शाळेतून येतो.

माझी एक विद्यार्थिनी होती. वडील गिरणीत, १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. आई चार घरी पोळ्या करी. मुलीला दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे एकोणतीस गुण. आम्ही पेढे खाल्ले, तिने विज्ञान शाखेला नाव घातले. दिवाळीनंतर पाहतो तो बाई चिवड्याची पाकिटे भरण्याच्या कामाला लागलेली. मी विचारले, "का गं, कॉलेज?" खाली मान घालून म्हणाली, "सर, वर्गात काय चाललंय ते कळत नाही. आणि कळत नाही हे सांगायचं कसं, तेही कळत नाही."

मी खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. जीवशास्त्राच्या पहिल्या तासाला प्राध्यापक 'सेल'विषयी बोलत होते. तिला सेल म्हणजे विजेरीत घालतात तो, नाहीतर कापडदुकानात लागतो तो. पाऊण तास ती विजेरी शोधत बसली. पेशी म्हटले असते, तर तिने पेशीभित्तिका, केंद्रक, सगळे काढून नावे दिली असती. तिला ज्ञान कमी नव्हते. त्या ज्ञानाचे दुसरे नाव तिला कोणी सांगितले नव्हते. आणि ते सांगायचे काम माझे होते, कारण तिला इंग्रजी शिकवणारा मीच! मी तिला काळ, प्रयोग, कर्मणी-कर्तरी घोटून दिले होते. कॉलेजात कोणी तिला कर्मणीचे कर्तरी करायला सांगितले नाही.

ही अडचण नवी नाही, बरे का. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याची पहिली बी. ए.ची तुकडी १८६२ सालची. रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक अशी चौघांची. तेव्हापासून विद्यापीठाचे दार इंग्रजीतून उघडते. तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला घेऊन कंदिलाखाली बसलेल्या पिढ्या आपल्या सगळ्यांच्याच घरात होऊन गेल्या आहेत. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे आपल्याकडे इंग्रजी आठवीपासून सुरू होई. मग ती अलीकडे येत येत २००० साली पहिलीपर्यंत आली. वर्षे वाढली. पण पुस्तकातली इंग्रजी वाचणे निराळे आणि पन्नास-साठ मुलांत बसून भराभर बोललेली इंग्रजी कानाने धरणे निराळे. ते काही वर्षांच्या संख्येने येत नाही.

इथे एका प्रयोगाचा उल्लेख केला पाहिजे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. आज ते मानखुर्दला आहे, पण सुरुवातीला ते नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत होते, गिरगावातून चालत जाता येईल इतके जवळ. १९८०च्या सुमारास त्या केंद्राने महापालिका शाळांतली, दलित समाजातली आठवीची मुले निवडली आणि शालान्त परीक्षेपर्यंत त्यांना नियमाने आपल्याकडे बोलावून शिकवले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी हे तेव्हा केंद्राचे प्रमुख होते. त्यांच्या मंडळींना आढळले ते आपण शिक्षकांनी नीट ऐकण्यासारखे आहे. मुलांची बुद्धी कोठे उणी नव्हती, भाषा आडवी येत होती. आणि ती इंग्रजीच असे नव्हे, पाठ्यपुस्तकातली जड मराठीसुद्धा! भाषा सोपी केली, मुलांना बोलते केले, की तीच मुले पुढे सरकत. प्रयोगशाळेत पाय ठेवण्याची सवय झाली, हेही मला वाटते लहान नव्हे.

ते वाचून आम्ही तिघा शिक्षकांनी ठरवले, आपणही काही करू. पैसे नव्हते, म्हणून पंधरा दिवसांचे ठरवले! नववी झालेल्या मुलांना घ्यायचे, सकाळी नऊ ते बारा. अर्धा वेळ कानाची इंग्रजी, अर्धा वेळ कॉलेज म्हणजे काय ते दाखवायचे.

पहिल्या वर्षी वर्ग मे महिन्यात ठेवला आणि फसलो. मे महिन्यात लालबागेत मूल शिल्लक राहते का? सगळी चाळ कोकणात आणि घाटावर. अकरा जण आले, त्यांतले चार दुसऱ्या आठवड्यात गावच्या लग्नाला गेले. उरलेल्या सातांना आम्ही, सवयीप्रमाणे, व्याकरण शिकवले. शेवटच्या दिवशी एक मुलगा म्हणाला, "सर, हे तर शाळेतलंच आहे." त्याचे बरोबर होते. पुढच्या वर्षीपासून वर्ग दिवाळीच्या सुटीत घेतला आणि व्याकरणाचे पुस्तक कपाटात ठेवले.

मग काय केले? पहिले दोन दिवस वहीच उघडायची नाही, नुसते ऐकायचे. तिसऱ्या दिवशी पाच वाक्ये. "सर, आय डिड नॉट फॉलो." "प्लीज से इट अगेन." "व्हॉट डझ धिस वर्ड मीन?" अशी. ही वाक्ये मोठ्याने, उभे राहून, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून म्हणायची. तुम्हांला वाटेल यात अवघड ते काय? चौदा वर्षांच्या मुलाला उभे राहून "मला कळले नाही" म्हणणे मराठीतही जड जाते; शाळेने त्याला तेवढी सवय लावलेली नसते. तीन दिवस नुसते हसण्यात गेले. मग जीभ सैल झाली.

दुसरी गोष्ट वहीची. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे मुलाला येत असलेला शब्द, उजवीकडे त्याचे कॉलेजातले नाव. पेशी आणि सेल. बल आणि फोर्स. त्वरण आणि ॲक्सिलरेशन. आम्ल आणि ॲसिड. लसावि आणि एल. सी. एम. लसावि म्हणजेच एल. सी. एम. हे कळले तेव्हा एक मुलगी ओरडलीच, "अय्या, एवढंच होतं?" पंधरा दिवसांत अडीचशे-तीनशे शब्द होत. एकही नवी कल्पना शिकवायची नाही, फक्त जुन्या ओळखीच्या माणसाचे दुसरे नाव सांगायचे.

आणि तिसरी गोष्ट कॉलेजची. जवळच्या एका महाविद्यालयातल्या दोघा प्राध्यापकांनी, सुटी संपून तास सुरू झाले की आमच्या मुलांना मागच्या बाकांवर बसू देण्याचे कबूल केले. आधी ग्रंथपालाने पुस्तक कसे मागायचे ते दाखवले, प्रयोगशाळेत ब्युरेट हातात दिली, प्रवेशाचा अर्ज भरायला लावला. उपाहारगृहात चहाही झाला. त्याची आठवण मुलांना सर्वांत जास्त राहिली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मग खरा तास. प्राध्यापक प्रकाशाच्या अपवर्तनावर बोलत होते. मध्येच आमचा एक काळासावळा, काडीसारखा पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आय डिड नॉट फॉलो." सगळा वर्ग मागे वळून पाहू लागला. माझ्या पोटात गोळा आला. प्राध्यापक थांबले, पुन्हा सांगितले, फळ्यावर आकृती काढली. तास सुटल्यावर कॉलेजातली दोन मुले त्या पोराजवळ आली. "बरं झालं विचारलंस. आम्हांला पण नव्हतं कळलं."

शेवटचा दिवस फोर्टातल्या विद्यापीठाचा. करी रोडहून गाडीने बोरीबंदर, तिथून हुतात्मा चौकावरून पायी. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. दोनशे ऐंशी फूट उंच, आणि तो प्रेमचंद रायचंदांनी आपल्या आईच्या नावाने बांधवला, एवढी माहिती मी देत होतो. मुले वर बघत होती. ग्रंथालयाच्या दाराशी एका मुलाने चपला काढून बाजूला ठेवल्या. पहारेकरी हसला नाही, हे त्याचे थोरपण. म्हणाला, "घाल रे बाळा, इथं चालतात." तो मुलगा आत गेला, पण रंगीत काचांच्या उजेडात वाचत बसलेली माणसे पाहून बराच वेळ पंज्यांवरच चालत होता.

आता काहीजण मला म्हणतात, गुरुजी, तुम्ही इंग्रजीची भलामण करता, मग मराठी शाळा टिकायच्या कशा? माझे म्हणणे नेमके उलट आहे. लालबाग-परळ-गिरगावातला बाप मुलाला पहिलीपासून इंग्रजी शाळेत का घालतो? मराठीवर त्याचा राग असतो म्हणून नव्हे. "पुढे कॉलेजात पोराचं अडेल" एवढ्या एका भीतीने. मी शेकडो पालकांकडून हे वाक्य ऐकले आहे. ती अडचण अकरावीच्या दारातली आहे. तिच्यासाठी आपण आधीची दहा वर्षे, आईच्या भाषेत विचार करायची दहा वर्षे, देऊन टाकतो. हल्ली सेमी-इंग्रजीचा मार्ग निघाला आहे. काही शाळांत तो चांगला चालतो, काही ठिकाणी शिक्षकांनाच ती इंग्रजी झेपत नाही आणि मुलांचे दोन्हीकडून नुकसान होते. पंधरा दिवसांत इंग्रजी येते, असे मी म्हणत नाही. कोणी तसे सांगत असेल तर तो फसवतो आहे. पंधरा दिवसांत भीती जाते. भाषा त्यानंतरच्या वर्षभरात येते, पण ती येण्यासाठी मूल वर्गात टिकलेले असावे लागते.

सगळी मुले कॉलेजातच गेली असेही नाही. एक मुलगा सर्व पाहून म्हणाला, "सर, मला हे बसून ऐकणं जमणार नाही," आणि आय. टी. आय.ला गेला. पाहून नको म्हणणे आणि न पाहता घाबरणे यांत फरक आहे; त्याचे मला समाधानच वाटले.

दार उघडायला पुष्कळदा पलीकडचे एखादे माणूस लागते. डॉ. आंबेडकरांचे कुटुंब परळच्या चाळीत राहत होते. भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी त्या मुलाला हेरले, पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून द्यायला मदत केली. त्याच भीमरावांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना येता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले.

खेड्यातल्या गुरुजींना माझी विनंती आहे. तुमच्या तालुक्याला कॉलेज आहे, नसेल तर शेजारच्या तालुक्याला आहे. प्राचार्यांना एक पत्र लिहा. दिवसभर मुलांना बसू द्या म्हणावे. गावातला जो मुलगा यंदा अकरावी-बारावीला गेला असेल, त्याला सुटीत बोलवा. तो काय अडले ते जितके खरे सांगेल, तितके आपण सांगू शकणार नाही. विज्ञानाच्या पुस्तकात मराठी संज्ञेपुढे कंसात इंग्रजी शब्द छापलेला असतो, तो मुले गाळून वाचतात. तोच डाव्या-उजव्या वहीत उतरवून घ्या. आणि रेडिओ आहेच. इंग्रजी बातम्या रोज पाच मिनिटे लावा. आधी मराठी बातम्या ऐकवाव्यात, म्हणजे काय सांगताहेत ते ठाऊक असते आणि कान फक्त शब्द पकडतो. याला खर्च काही नाही.

ती चिवड्याची पाकिटे भरणारी मुलगी पुष्कळ वर्षांनी पुन्हा भेटली. तिचा मुलगा सहा वर्षांचा झाला होता. त्याचे बोट धरून शाळेत आली. म्हणाली, "सर, याला मराठीत घालू की इंग्रजीत? घरचे म्हणतात इंग्रजीतच." मी तिला आमच्या वर्गाची हकिकत सांगितली, वही दाखवली. तिने पाने उलटली. 'पेशी'पाशी थांबली, समोरचा शब्द वाचला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, यंदाच्या दिवाळीत वर्ग आहे ना? मी मागं बसले तर चालेल का?"

ती पंधराही दिवस आली. मुलाला बरोबर घेऊन येई. तो शेवटच्या बाकावर पाटीवर चित्रे काढत बसे.